तेरा आठवड्यांची मदत

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एकजण पुटपुटला, "ऑस्ट्रेलियातला वणवा? आणि आपला काय संबंध?" मी ऐकलं. प्रश्न चुकीचा नाही. इथं नळाला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि हा गृहस्थ समुद्रापलीकडची आग घेऊन आलाय.

पण मी आगीवर बोलणार नाही. आग विझल्यावर काय होतं, त्यावर बोलणार आहे. घर जळालं, बापाचं शेत जळालं, गुरं मेली, आणि त्याच घरातला पोरगा किंवा पोरगी पुढच्या महिन्यात कॉलेजला जाणार होती. तिला पैसे कोण देणार? किती? कुठल्या अटीवर? आणि किती दिवस? हे चार प्रश्न तुमच्या ओळखीचे आहेत. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी ज्यानं रांगेत उभं राहून चपला झिजवल्या, त्याच्याइतके हे प्रश्न दुसऱ्या कुणाला कळत नाहीत. म्हणून हा विषय तुमच्यासमोर मांडतोय.

आधी घडलं काय ते सांगतो. २०१९ चा उन्हाळा ऑस्ट्रेलियात लवकर पेटला. तिकडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. पाऊस नव्हता, वर्षानुवर्षांचा दुष्काळ होता, झाडं वाळून कोळ झाली होती. सप्टेंबरपासूनच आगी लागायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्या धुमसत राहिल्या. तिथले लोक त्या हंगामाला 'काळा उन्हाळा' म्हणतात. सरकारनं नेमलेल्या रॉयल कमिशनच्या अहवालात आकडा आहे, २ कोटी ४० लाख हेक्टरांहून जास्त जमीन जळाली. आपला अख्खा महाराष्ट्र ३ कोटी ७ लाख हेक्टरांचा. म्हणजे महाराष्ट्राचा पाऊण हिस्सा डोळ्यांसमोर आणा, आणि त्याला काडी लावा. ३,००० हून जास्त घरं गेली. ३३ माणसं थेट आगीत मेली. धुरानं गेलेली वेगळी. संशोधकांनी त्यांचा अंदाज ४०० च्या वर काढलाय.

३१ डिसेंबर २०१९. मॅलाकूटा नावाचं समुद्रकाठचं गाव. सकाळी आभाळ काळं झालं, मग लाल झालं. सुमारे ४,००० माणसं पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पुढं समुद्र, मागं आग. पुढे नौदलाचं जहाज आलं, तेव्हा कुठे हजारभर माणसं त्यातून निघाली. त्याच दिवशी कोबार्गो जळालं, मोगो जळालं. पंतप्रधान मॉरिसन त्याच डिसेंबरात हवाई बेटांवर सुट्टीला जाऊन आले होते. २ जानेवारीला ते कोबार्गोत पोचले, तेव्हा तिथल्या माणसांनी त्यांच्याशी हात मिळवायला नकार दिला. मला ती माणसं आवडली. ज्याचं घर जळालंय त्यानं फोटोसाठी हात का द्यावा?

आता पोरांकडे येऊ.

न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीची लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. नेमक्या त्याच दिवसांत उत्तर किनाऱ्यावरच्या आगी भडकल्या. १२ नोव्हेंबर २०१९ ला तर धोका एवढा होता, की त्या राज्यातली सहाशेच्या आसपास शाळा-कॉलेजं एका दिवसात बंद ठेवावी लागली. ज्यांनी पेपर दिले त्यांचे निकाल डिसेंबरात लागले. विद्यापीठातले प्रवेश डिसेंबर-जानेवारीत होतात, वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात. आणि सगळ्यात मोठी आग आली ती ३१ डिसेंबरला. म्हणजे बघा, हातात प्रवेशाचं पत्र आणि दारात आग.

खेड्यातल्या पोराला तिकडेही कॉलेज गावात मिळत नाही. शहरात जावं लागतं. खोलीचं भाडं, अनामत, गाडीभाडं, पुस्तकं, लॅपटॉप. फी उधारीवर टाकता येते, नोकरी लागल्यावर पगारातून कापून घेतात. पण भाडं उधारीवर टाकता येत नाही. घरमालक म्हणत नाही, की डिग्री झाल्यावर दे. बाप सांगायचा, दोन गाई विकतो आणि पाठवतो. आता गाई कुठे आहेत? कुंपणसुद्धा उरलं नाही.

आणखी एक गोष्ट. तिथल्या किनाऱ्यावरची पोरं उन्हाळ्यात कमावतात. पर्यटक येतात, हॉटेलं भरतात, पोरं बशा विसळतात, टेबलं पुसतात, दुकानात उभी राहतात. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर पुढचं वर्ष निघतं. २ जानेवारी २०२० ला सरकारनं पर्यटकांना किनारा सोडून जायला सांगितलं. सोडायलाच पाहिजे होता, जीव महत्त्वाचा. पण त्या दिवशी नुसते पर्यटक गेले नाहीत, पोरांची फीसुद्धा त्या गाड्यांतून निघून गेली. तिथं 'यूथ अलाउन्स' नावाचा सरकारी भत्ता आहे. तो देताना आईबापाचं उत्पन्न बघतात. पोरगा स्वतःच्या पायावर उभा आहे हे सिद्ध करायचा खेड्यातल्या पोरांसाठी एक रस्ता असा, की शाळा सुटल्यावर काम करून ठरावीक रक्कम कमवून दाखव. आता जिथं कामच जळून गेलं तिथं कमवून काय दाखवणार? कायदा करणाऱ्याच्या डोक्यात आग नव्हती. त्यानं नेहमीचा उन्हाळा धरून कायदा केला. गरिबाच्या आयुष्यात नेहमीचा उन्हाळा कधी येतो, ते त्याला विचारा!

आणि शिकाऊ कामगार? सुताराच्या हाताखाली शिकणारा, गॅरेजमध्ये शिकणारा, वायरिंग शिकणारा? त्याचं शिक्षण मालकाच्या दुकानाला बांधलेलं असतं. दुकान जळालं की शिक्षण जळालं. त्याची हत्यारं जळाली की त्याचे हातच जळाले. विद्यापीठात जाणाऱ्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी येतात. पान्हा आणि करवत हरवलेल्या पोराबद्दल कोण लिहितं?

आता सरकारनं काय दिलं ते सांगतो, कारण दिलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आणि खोटं बोलून लढा चालत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं वणव्यानंतरच्या उभारणीसाठी २०० कोटी डॉलर जाहीर केले, त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. आपत्तीत सापडलेल्या मोठ्या माणसाला एकदा १,००० डॉलर, मुलाला ४००. त्या वर्षी मुलांसाठी आणखी ४०० ची भर घातली. फुकट समुपदेशनाच्या दहा बैठका दिल्या. आणि ज्याचा रोजगार गेला त्याला भत्ता. किती दिवस? जास्तीत जास्त तेरा आठवडे.

तेरा आठवडे, मित्रांनो. तीन महिने. आपल्याकडे झोपडपट्टी जळाली की ताडपत्री, चादर आणि खिचडीवर भागवतात. त्या मानानं हे खूप वाटेल. म्हणून कुणी म्हणेल, तिकडची पोरं सुखी आहेत, रडता कशाला? थांबा. मी रकमेवर बोलत नाही. मी मुदतीवर बोलतोय.

ऑस्ट्रेलियात ही पहिली आग नव्हती. १६ फेब्रुवारी १९८३ ला दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांत असाच वणवा पेटला, ७५ माणसं मेली. त्यानंतर मॅकफार्लेन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ८०८ मुलांचा पाठपुरावा केला. दोन महिन्यांनी बघितलं, आठ महिन्यांनी बघितलं, सव्वीस महिन्यांनी बघितलं. काय दिसलं? दोन महिन्यांनी आईबाप सांगत होते, पोरं ठीक आहेत. आठ महिन्यांनी त्रास वाढलेला होता. आणि सव्वीस महिन्यांनी तो कमी झालेला नव्हता. हा अभ्यास १९८७ साली छापून आला. २०१९ च्या आधी बत्तीस वर्षं!

पुढं ७ फेब्रुवारी २००९. व्हिक्टोरियात पुन्हा वणवा, १७३ माणसं गेली. गावंच्या गावं पुसली गेली, मेरिसव्हिल, स्ट्रॅथ्यूवेन. तिथल्या शाळासुद्धा राख झाल्या. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर २४,००० हून जास्त मुलांचे परीक्षेतले गुण तपासले. आग लागली तेव्हा ही पोरं शाळेत नुकती जायला लागलेली, बाराखडी गिरवायच्या वयाची. तिसरीतून पाचवीत जाताना जी प्रगती व्हायला पाहिजे, ती जास्त होरपळलेल्या भागातल्या शाळांमधून कमी झाली. वाचनात कमी, गणितात कमी. आणि हा फरक कधी दिसला? आगीनंतर दोन ते चार वर्षांनी.

आता दोन आकडे शेजारी-शेजारी मांडा. मदतीची मुदत तेरा आठवडे. नुकसान दिसायला लागतं आठ महिन्यांनी, आणि टिकतं चार वर्षं. म्हणजे पोराच्या वहीत आग उमटायला लागते, तेव्हा मदतीची खिडकी केव्हाच बंद झालेली असते. मग मास्तर म्हणतो, पोरगा ढ आहे. बाप म्हणतो, लक्ष देत नाही. सरकार म्हणतं, आम्ही तर दिले होते. आणि पोरगासुद्धा हळूहळू तेच मानायला लागतो, की आपल्यातच काही कमी आहे. मित्रांनो, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? परिस्थितीनं मारलेल्या पोराला 'गुणवत्ता नाही' म्हणून बाहेर काढायचा हा धंदा आपण चांगला ओळखतो.

अडाणीपणानं झालं असतं तर माफ केलं असतं. पण यांना माहीत होतं. त्यांच्याच विद्यापीठांनी, त्यांच्याच पैशांनी अभ्यास केले होते. वणवा कॅमेऱ्यात दिसतो, चौथ्या वर्षी गणितात नापास झालेला पोरगा दिसत नाही. पैसा कॅमेऱ्याच्या मागोमाग जातो, आणि कॅमेरा निघून गेला की पैसाही निघून जातो.

मुदतीचा हा प्रश्न आपल्याकडच्या एका माणसानं स्वतः भोगलाय. १९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास संपला नव्हता, मुदत संपली होती. बाबासाहेबांना अर्ध्यातून परत यावं लागलं. बडोद्यात काय वाट्याला आलं ते तुम्हाला माहीत आहे. पुढं सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा कुठे १९२० ला ते पुन्हा लंडनला पोचले. तीन वर्षं गेली. ते बाबासाहेब होते म्हणून परत गेले. त्यांच्याजागी दुसरा असता तर तिथंच संपला असता, आणि जगाला कळलंसुद्धा नसतं. शिष्यवृत्तीची मुदत ही कारकुनाच्या वहीतली ओळ असते, पण तिच्यावर आयुष्यं उभी राहतात नाहीतर कोसळतात. केंद्र सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते. अर्ध्यावर तुटलेलं शिक्षण काय असतं, हे त्या मंडळात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

माझंच सांगतो. माझी स्कॉलरशिप वार्षिक परीक्षा संपल्यावर आली. कॉलेजच्या खिडकीतला माणूस म्हणाला, आली ना, मग तक्रार कसली? पैसे आले हे खरं. पण मी वर्षभर दुसऱ्याच्या पुस्तकावर, रात्री तो झोपल्यावर वाचलं, त्याचं काय? उशिरा आलेला पैसा हा अर्धाच पैसा असतो.

आता लोकांनी दिलेल्या पैशाची कथा ऐका, कारण त्यात आपल्याला धडा आहे. त्याच जानेवारीत सेलेस्ट बार्बर नावाच्या विनोदी कलाकारीणबाईंनी फेसबुकवर हाक दिली. साऱ्या जगातून पैसा आला. ५ कोटी १० लाख डॉलर! हा पैसा जमा झाला न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या निधीत. हे दल म्हणजे गावोगावची सत्तर हजारांवर माणसं, पगार न घेता आगीत उतरणारी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण देणाऱ्यांना वाटत होतं, आपला पैसा घर गेलेल्यांना मिळेल, जनावरांना मिळेल, दुसऱ्या राज्यांतही जाईल. बाईंनाही तेच वाटत होतं. मामला कोर्टात गेला. मे २०२० मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, निधीचा दस्तऐवज काय म्हणतो ते बघा. दस्तऐवजात अग्निशमन दलाची साधनं, प्रशिक्षण आणि खर्च लिहिलेला आहे. जखमी जवानांना आणि मेलेल्या जवानांच्या घरच्यांना देता येईल, त्यांच्या मनावरच्या उपचारांना देता येईल. दुसऱ्या संस्थांना देता येणार नाही.

चूक कुणाची? बाईंची नाही, जवानांची नाही, जजसाहेबांचीही नाही. कागदावर जे लिहिलेलं असतं तिथंच पैसा जातो. जगाचं हृदय पाझरलं, पण ते जिथं पाझरलं त्या भांड्यावर 'विद्यार्थी' असा शब्द लिहिलेला नव्हता. उद्या तुम्ही कधी निधी गोळा कराल, वस्तीतल्या आगीसाठी, पुरासाठी, दंगलीत घर गेलेल्यांसाठी, तर डबा फिरवण्याआधी कागद लिहा. कुणाला, कशासाठी, किती वर्षं. भावनेच्या भरात जमवलेला पैसा कागद नसेल तर वाऱ्यावर जातो, आणि चुकीचा कागद असेल तर भलत्या दारात जातो.

तिकडे चांगलं काही नाही असं नाही. कंट्री एज्युकेशन फाउंडेशन नावाची संस्था आहे. १९९३ मध्ये बोरोवा नावाच्या छोट्या गावात सुरू झाली. तिची पद्धत मला पटली. गावातलीच माणसं समिती करतात, गावातूनच पैसा उभा करतात आणि गावातल्याच पोरांना देतात. विद्यापीठात जाणाऱ्याला देतात, तसेच धंदेशिक्षण घेणाऱ्याला, शिकाऊ कामगारालाही देतात. पुस्तकं, भाडं, हत्यारं, ज्याला जे लागेल ते. पोरगा कोण आहे हे देणाऱ्याला ठाऊक असतं, त्याला दहा दाखले मागावे लागत नाहीत. पण यातही एक मेख आहे, ती विसरू नका. गाव ज्याला आपला मानतं त्यालाच गाव देणार. गावकुसाबाहेरच्याचं काय?

आणि ऑस्ट्रेलियाला गावकूस आहे, मित्रांनो.

तिथले मूळचे लोक, ज्यांना ॲबोरिजिनल म्हणतात, हजारो वर्षं त्या जमिनीवर राहिले. १७८८ साली गोरे उतरले आणि जमीन गेली. वणव्यानंतर तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब काढला. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांत आगीच्या पट्ट्यात साडेपंधरा लाख माणसं राहत होती. त्यांत ८४,००० मूळचे लोक. त्या दोन राज्यांच्या लोकसंख्येत ते शंभरात अडीचसुद्धा नाहीत, पण आगीच्या पट्ट्यात शंभरात पाचांहून जास्त. आणि होरपळलेल्या भागातलं दर दहावं मूल त्यांचं. त्यांच्यात पंधरा वर्षांखालची पोरं एक-तृतीयांशाहून जास्त आहेत, म्हणून आगीचा भार नेमका शाळकरी वयावर पडला. मोगो गावात त्यांच्या भूमी परिषदेचं ऑफिस जळालं. ज्या कचेरीत जायचं, अर्ज लिहून घ्यायचे, आपल्या माणसाशी बोलायचं, तीच राख झाली.

आता तुम्ही म्हणाल, मदत तर सगळ्यांना सारखीच होती. सारखी होती. पण न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळेतून ॲबोरिजिनल पोराला नाकारायचा मुख्याध्यापकाचा अधिकार नियमांच्या पुस्तकातून कधी निघाला माहीत आहे? १९७२ ला! गोऱ्या पालकांनी कुरकुर केली की काळ्या पोराला वर्गाबाहेर. म्हणजे आज जो आजोबा आहे, त्याला शाळेच्या दारातून परत पाठवलेला असू शकतो. त्या आजोबाच्या नातवाला तुम्ही म्हणता, घर जळालं ना, मग ऑफिसात ये, बाकावर बस, नंबर आल्यावर तुझी कहाणी सांग, पुरावा दाखव. ज्या दारानं तीन पिढ्या अपमान केला, त्या दारात मदत मागायला जायला किती बळ लागतं, हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. तुम्हालाही नाही.

आणि गंमत बघा. आगीचं ज्ञान कुणाकडे होतं? याच लोकांकडे. थंडीच्या दिवसांत, ओल असताना, थोडं थोडं गवत हळू जाळायचं, म्हणजे उन्हाळ्यात रान भडकत नाही. ही त्यांची पिढीजात विद्या. गोऱ्या सत्तेनं ती बंद पाडली. व्हिक्टर स्टेफेन्सन या माणसानं म्हाताऱ्यांकडून ती शिकून घेतली, पोरांना शिकवली, २०२० मध्ये त्यावर 'फायर कंट्री' हे पुस्तक लिहिलं. काळ्या उन्हाळ्यानंतर सगळ्यांना त्या विद्येची आठवण झाली. रॉयल कमिशननं ८० शिफारशी केल्या, मूळच्या लोकांच्या या ज्ञानावर एक प्रकरणच लिहिलं. ठीक आहे. पण नुसती पाठ थोपटून पोट भरत नाही. त्या तरुणांना या कामाचं प्रशिक्षण द्या, प्रशिक्षणाच्या काळात पगार द्या, नंतर कायमची नोकरी द्या. ज्याचं घर जळालं, त्याच पोराच्या हातात उद्याची आग रोखायचं काम आणि त्याचा मोबदला, याला मी प्रशिक्षणाची खरी मदत म्हणतो. बाकीची सहानुभूती. सहानुभूती वाईट नसते, पण ती फीच्या पावतीवर चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. आपण मंत्री नाही, ऑस्ट्रेलियाचे मतदारही नाही. पण होरपळलेल्या पोरांना शिक्षणाची मदत कशी असावी, हे सांगायचा अधिकार आपल्याला अनुभवानं दिलाय.

एक. मदतीची मुदत आगीवर मोजू नका, शिक्षणावर मोजा. पोरगा पहिलीत असेल तर दहावीपर्यंत, कॉलेजात असेल तर डिग्रीपर्यंत, शिकाऊ असेल तर कारागीर होईपर्यंत.

दोन. पैसा आधी द्या. आधी खर्च करा, पावत्या आणा, मग देऊ, ही श्रीमंतांची पद्धत आहे. ज्याच्याकडे आधी खर्च करायला आहे, त्याला मदतीची गरजच कमी.

तीन. दाखले मागू नका. घर जळालं त्यात दाखलेही जळाले. एका ऑफिसात एकदा सांगितलेली कहाणी दुसऱ्या ऑफिसात पुन्हा सांगायला लावणं म्हणजे माणसाला पुन्हा त्या आगीतून चालवणं.

चार. पान्हा आणि पुस्तक यांत उच्चनीच करू नका. आपण जातीची उतरंड मोडायला निघालोय, शिक्षणात दुसरी उतरंड कशाला?

पाच. पैसा वाटणाऱ्या समितीत होरपळलेले तरुण बसले पाहिजेत, आणि गावकुसाबाहेरचे आधी. हिशेब भिंतीवर लागला पाहिजे.

यातलं एकही कलम आकाशातून पडलेलं नाही. प्रत्येकाच्या मागं कुणाचं तरी बुडालेलं वर्ष आहे.

आता मागच्या रांगेतल्या मित्राला उत्तर देतो आणि थांबतो. आपला काय संबंध? १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी, आपल्या काही महिने आधी, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात डेनिस वॉकर आणि सॅम वॉटसन या तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. आपण त्यांना ओळखत नव्हतो, ते आपल्याला ओळखत नव्हते. दोघांनीही अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून नाव उचललं. आणि त्याच वर्षी २६ जानेवारीला, आपण इकडे प्रजासत्ताकाचा झेंडा लावत होतो तेव्हा, चार ॲबोरिजिनल तरुणांनी कॅनबेरात पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर एक छत्री रोवली आणि म्हणाले, हा आमचा दूतावास. आमच्याच देशात आम्ही परके, म्हणून आमचा दूतावास.

संबंध हा असा आहे, दोस्ता. नाव एक, साल एक. आज त्यांची नातवंडं राखेतून दप्तर शोधतायत. आपण त्यांना पैसे पाठवू शकणार नाही, आपलेच खिसे फाटके आहेत. पण या विषयावर आपण शहाणे होऊ शकतो. उद्या आपल्या वस्तीत आग लागली, आणि ती लागते हे तुम्हाला माहीत आहे, तर चादरी आणि खिचडी वाटून झाल्यावर घरी जाऊ नका. एक वही काढा. जळालेल्या घरांतल्या प्रत्येक शिकणाऱ्या पोराचं नाव लिहा, इयत्ता लिहा, काय जळालं ते लिहा. आणि चौथ्या वर्षी ती वही पुन्हा उघडा. बघा, त्यातलं कोण अजून शाळेत आहे. जो नसेल त्याच्या दारात जा.

ही वही आज रात्रीच सुरू करता येते. गेल्या आगीतली नावं अजून आपल्याला तोंडपाठ आहेत.

जय भीम!